तिसऱ्या खणातली कॉर्ड

दुष्काळात आमचं घर बरं चालायचं, हे आधीच सांगून टाकते. उगीच कुणी हळहळायला नको. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, गंजगोलाईच्या बाजारात दोरखंडाचं दुकान होतं. दोर, सुतळी, पोहरे, घागरी. विहिरी जशा खोल जात तसा गिऱ्हाइकाला दोर लांब लागे, आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला. लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. उस्मानाबादेतून सुटलो म्हणून ज्यांनी गुलाल उधळला, तेच लोक आता नव्या कलेक्टर कचेरीसमोर टँकरसाठी उभे असत. अप्पा त्यांना दोर विकत आणि वर सहानुभूतीही देत, तिचे पैसे घेत नसत.

माझा थोरला भाऊ भीमाशंकर, आमचा अण्णा, नांदेडला बी.कॉम. करायला गेला आणि गिटार घेऊन परत आला. बी.कॉम. तिकडंच राहिलं. तिथं रेल्वे क्वार्टर्सच्या मागं त्याची खोली होती आणि शेजारी प्रकाशम सर राहायचे. सर सिकंदराबादचे, तिकीट तपासनीस. दिवसभर विनातिकीटवाल्यांना उतरवायचे आणि घरी आले की गिटारवर ब्लूज वाजवायचे. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी कष्ट उपसता उपसता घडवलेलं संगीत, असं ते सांगत. अण्णाला त्यातल्या कॉर्ड, म्हणजे तीनचार सूर एकदम छेडायचे ते, छान जमल्या. वरचा सोलो, म्हणजे कॉर्ड चालू असताना त्यांच्यावर एकेक सूर घेत केलेली बढत, ती मात्र काही केल्या जमेना. त्याला वर वाजवणारं कुणीतरी हवं होतं, आणि घरात मी होते.

मी मठातल्या भजनाला पेटी वाजवायची. आमच्या भजनात सा एकदा धरला की धरला. जग बुडालं तरी तो हलत नाही. त्यामुळं सरांची जुनी गिटार अण्णानं माझ्या हातात दिली तेव्हा मला वाटलं, सूर तर तेच, त्यात काय एवढं. पहिल्या चार खणांत मी सुरेल वाजवलं. पाचव्या खणात अण्णानं कॉर्ड बदलली आणि माझे तेच सूर आंबले. मी त्याच्यावरच ओरडले, की तू मधेच कशाला हललास.

मग त्यानं समजावलं. ब्लूजचं एक आवर्तन बारा खणांचं, प्रत्येक खणात चार मात्रा. पहिले चार खण आपल्या घरी, सा-च्या कॉर्डवर. पाचव्यात मध्यमाच्या कॉर्डवर जायचं, सातव्यात घरी परत. नवव्यात पंचमाची कॉर्ड, दहाव्यात मध्यमाची, आणि मग घर. खालची जमीन अशी सरकत असते आणि वर वाजवणाऱ्यानं प्रत्येक वेळी नव्या जमिनीवर नेमकं पाऊल टाकायचं. घरी आहोत तोवर शुद्ध गंधार गोड. मध्यमाच्या कॉर्डवर तोच गंधार भातातल्या खड्यासारखा लागतो. तिथं एक पट्टी मागं येऊन कोमल गंधार घ्यायचा. एवढंसं बोट सरकवायचं, पण नेमकं त्याच क्षणाला. हे कळायला मला अख्खा उन्हाळा लागला.

त्या उन्हाळ्यात नळाला पाणी येईल तेव्हा येई, म्हणून आम्ही दोघं हौदाशेजारी बसून वाजवत असू. अव्वा, आमची आई, समोर ज्वारी निवडायची. मी चुकले की ती मान हलवायची. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण अण्णाचा चेहरा बघून तिला समजे. अण्णा कधी चिडला नाही. मी चुकले तर तो त्याच खणात थांबून राहायचा, मी सावरेपर्यंत. इतका धीर धरणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि म्हणूनच पुढचं सांगताना माझं डोकं आजही तापतं.

प्रकाशम सर एकदा कुणाच्या लग्नाला लातूरला आले तेव्हा घरी येऊन गेले. माझं वाजवणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मी सारखी अण्णाच्या डाव्या हाताकडं बघते, हे त्यांना डोळे मिटूनही कळलं.

"उसका हात नक्को देखो अम्मा," ते म्हणाले. "बारा खाने अपने अंदर रखो. कॉर्डवाला चाय पीने को चला गया तो भी तुम्हारे सुरों में कॉर्ड सुनाई देना."

जाताना त्यांनी अप्पांना सांगितलं, की नांदेडला मुलींच्या एका शाळेत संगीत शिक्षिका हवी आहे, वसतिगृहात राहायची सोय आहे, तिथल्या मोठ्या बाई पत्की त्यांच्या ओळखीच्या आहेत. अप्पांनी पाव्हण्यासमोर हो-हो केलं आणि मागं वळून कपाळाला आठ्या घातल्या. कारण निलंग्याचं स्थळ आधीच येऊन बसलं होतं. गुरुबसप्पांचा उसाचा मळा, मोठं घर, आणि बोलणी साट्यालोट्याची. त्यांच्या मुलाला मी द्यायची, त्यांची शिवकांता अण्णाला करायची. अर्धवट शिकलेल्या, गिटार वाजवणाऱ्या मुलाला दुसरं कोण मुलगी देणार, असा अप्पांचा हिशोब. एक नाही झालं तर दुसरंही नाही.

मी दोन दिवस जेवले नाही. शेवटी मठाच्या स्वामींनी मधे पडून तोड काढली. जिल्ह्याच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम ऑगस्टात लातुरातल्याच एका शाळेच्या हॉलमधे होता. त्यात मी वाजवावं, पत्की बाईंनी येऊन ऐकावं. त्यांनी पसंत केलं तर मी नांदेडला. नाही केलं तर निमूट निलंग्याला. अप्पांनी चारचौघांत शब्द दिला. अप्पा दिला शब्द मोडत नसत, दुकानाची तेवढीच शान होती.

मला अण्णाचं वाईट वाटत होतं. शिवकांताला त्यानं एका लग्नात पाहिलं होतं आणि नंतर बरेच दिवस तो उगाचच हसत असायचा. मी त्याला हौदापाशी गाठून सरळ विचारलं, की मी गेले तर तुझं काय. तो तारा पुसत होता. पुसायचा थांबला नाही.

"माझं मी बघतो. तू बिनघोर वाजव," तो म्हणाला. "माझा हात तुझ्या मागं हाय."

मी त्याच्या पाया पडले. रडलेही. आता आठवलं की स्वतःच्या त्या रडण्याची लाज वाटते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात फळीवर पेढ्यांचा पुडा. दोऱ्यानं बांधलेला, चांगला मोठा. श्रावण कोरडा चाललेला, दुधाचा भाव भडकलेला, आणि आमच्या घरात पेढे. अव्वाला मी काही विचारलं नाही. मला वाटलं, तोंडानं काही बोलत नाहीत पण मनातून सगळ्यांना खात्री आहे माझी. त्या पुड्यानं मला जो धीर आला तो सरांच्या शिकवण्यानंही आला नव्हता. आंघोळ करून, विभूती लावून, इष्टलिंगाची पूजा करून मी निघाले.

कार्यक्रम दुपारी ठेवलेला, कारण संध्याकाळी लाइटचा भरवसा नसे. हॉल भरलेला. पुढं अधिकारी, मागं पोरं. पत्की बाई पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, मांडीवर छत्री. पाऊस नसताना छत्री आणणारी बाई मला बघताच आवडली. तिसऱ्या रांगेत अप्पा, आणि त्यांच्या शेजारी निलंग्याचे गुरुबसप्पा पटका बांधून. ते कशाला आले असतील, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. पण बघायला आले असतील, असं म्हणून मी सोडून दिला. दोन्ही गिटारींसमोर माईक लावले.

पहिलं आवर्तन सुरेख गेलं. पोरंसुद्धा गप्प बसली. दुसऱ्या आवर्तनात, तिसऱ्या खणात, मी शुद्ध गंधारावर येऊन थांबले आणि त्याच क्षणी अण्णानं मध्यमाची कॉर्ड वाजवली. दोन खण आधी. खडा दाताखाली आला. हॉलमधे कुणीतरी हसलं. मला वाटलं, घाबरला बिचारा. मी सावरून घेतलं. नवव्या खणात मी पंचमाच्या कॉर्डचे सूर घेतले तर तो घरीच बसून राहिलेला. पुन्हा खडा. आणि लोकांना काय ऐकू येतं? कॉर्ड चुकल्याचं कुणालाच कळत नाही. वरची बाई बेसूर वाजवते एवढंच कळतं.

तिसऱ्या आवर्तनात, पुन्हा तिसऱ्या खणात, माझ्या गंधारावर त्यानं तीच मध्यमाची कॉर्ड घातली. चूक दोनदा त्याच जागी, त्याच सुराखाली येत नाही. माझा गंधार कुठं उतरतो हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं, कारण तिथं उतरायला त्यानंच मला शिकवलं होतं. मी त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, स्वतःच्या हाताकडंही नव्हता. तो तिसऱ्या रांगेकडं बघत होता.

पुढच्या रांगेतले पेटीमास्तर शेजाऱ्याच्या कानाला लागले. पत्की बाईंनी छत्री या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मला गिटार आदळून रडत घरी जावंसं वाटलं, आणि मी तसं जावं म्हणूनच तर हे सगळं चाललं होतं. त्याला वाटलं असेल, मी त्याच्या हाताकडं बघून वाजवते, हात फिरवला की मी पडणार. मी डोळे मिटले. त्याला ऐकायचंच बंद केलं आणि माझे बारा खण माझ्याजवळ धरले.

एक आवर्तनभर नुसती मारामारी झाली. माझं घर एकीकडं, त्याचं दुसरीकडं, आणि हॉलमधे खाकरण्याचे आवाज. मी खण सोडले नाहीत. मग त्याच्या कॉर्ड अडखळल्या, विरळ झाल्या आणि थांबल्या. आता मी एकटीच होते. चौथ्या खणापर्यंत शुद्ध गंधार ठेवला, पाचव्यात बोट एक पट्टी मागं आणून कोमल घेतला, आणि खाली कुणीही नसताना जमीन सरकली. ती हॉलला ऐकू आली, मला त्या शांततेवरून कळलं. पंचमावर गेले, मध्यमावरून घरी आले, आणि संपवलं. टाळ्या चांगल्या पडल्या.

पत्की बाई मंचापाशी आल्या. मागून अप्पाही आले, येणं भागच होतं. बाई म्हणाल्या, की मधे काहीतरी फार बिघडलं होतं, पण एकटी वाजवायला लागलीस तेव्हा छान झालं. मग त्यांनी अण्णाला विचारलं, की त्यानं मधेच हात का काढला. अण्णा म्हणाला, तार तुटली. गिटार त्याच्या गळ्यात होती आणि सहाच्या सहा तारा सगळ्यांना दिसत होत्या.

"तार तुटली न्हाई बाई," मी म्हणाले. "मी पडावं म्हणून हा कॉर्ड चुकवून राहिला होता. मी पडले न्हाई, म्हणून ह्यानं हात काढला."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग अप्पांकडं. अप्पा माईकची वायर निरखत होते. पोळ्यानंतर शाळा गाठ, एवढं मला सांगून बाई छत्री घेऊन निघून गेल्या. गुरुबसप्पा त्याच्या आधीच उठले होते. चहालासुद्धा थांबले नाहीत.

घरी जाताना आम्ही तिघं एका रस्त्यानं चाललो. मला खात्री होती की हे काम अप्पांचं आणि अण्णाचं. अव्वाला यातलं काही माहीत नसणार. उन्हाळाभर समोर बसून ऐकणारी ती. घरी गेल्यावर तिच्या मांडीवर डोकं ठेवून एकदा मोकळं व्हायचं, एवढ्या आशेवर मी चालत होते.

अव्वा उंबऱ्यात उभी होती. नवं इरकल नेसलेली. माझ्या मागं आणखी कुणी येतंय का ते तिनं रस्त्यावर पाहिलं. कुणीच नव्हतं. अप्पा चप्पल काढून तिला एवढंच म्हणाले, की निलंगेकर गेले, पोरगी नांदेडला जाणार. अव्वा उंबऱ्यावर बसली. तिनं माझ्याकडं मान वर केली.

"तू चुकणार म्हणला होता भीमा," ती म्हणाली. "कामून चुकली न्हाईस गं, उमे?"

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मग ती उठली, फळीवरचा पुडा काढून तिनं दोरा सोडला. आज हॉलमधून सगळे परस्पर घरी येणार होते, दोन्ही साखरपुडे उरकायचे होते, पेढे त्यासाठी आणलेले. आता उन्हात खराब होतील म्हणून तिनं एकेक सगळ्यांच्या हातावर ठेवला. अण्णानं घेतला नाही, तो हौदाकडं गेला. मी घेतला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, मी तो तिथंच उभ्यानं खाल्ला. पेढा फार चांगला होता, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला.