आपोआप काही बिघडत नाही

मिस्त्रीला शिलाई मशीनचं सगळं कळायचं. गिऱ्हाईक मशीन उचलून दारात येतंय तोवर आतलं खुळखुळणं ऐकून हा गडी निदान सांगून मोकळा. "शटल ढिलं झालंय. आणि कुणीतरी चाक उलटं फिरवलंय."

"नाही हो मिस्त्री, आपोआपच बंद पडलं."

"आपोआप काही बिघडत नाही, ताई. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. आठवा जरा."

हे वाक्य दिवसातून वीस वेळा. आणि गंमत म्हणजे तो बरोबरही निघायचा. शेवटी ताईंना आठवायचंच, की धाकट्या जावेने त्यावर जीन्सची पँट शिवायला घेतली होती. मग मिस्त्री अशा चेहऱ्याने मान हलवायचा की खुनाचा तपास लागला. काउंटरवर त्याची बायको चिठ्ठी लिहायला बसलेली असायची. मशीन कुणाचं, तक्रार काय, बिघडलं कशाने. लिहून झालं की चिठ्ठी तारेने मशीनला बांधायची. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणायची, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

तर असा हा सर्वज्ञ माणूस त्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर बसला होता आणि त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

वहिनीचं ऑपरेशन तासाभरापूर्वी झालं होतं. दुर्बिणीतून. डॉक्टरीणबाईंनी आतले फोटो कागदावर छापून समोर ठेवले होते. मिस्त्रीने तो कागद आधी उलटा धरला.

"हे गर्भाशय," बाईंनी कागद सरळ केला. "हे काळपट ठिपके दिसतात ना, ते सगळे काढले. डाव्या अंडाशयावर गाठ होती, ती काढली. आतडं मागून चिकटलं होतं, ते सोडवलं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात याला. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं ना, तसलंच काहीतरी बाहेर उगवतं. पाळी आली की तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून त्या एवढ्या कळवळायच्या."

"उगवतं म्हणजे कशाने उगवतं?"

"ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही."

मिस्त्री बघतच राहिला. भिंतीवर एवढ्या पदव्या टांगलेल्या, आणि म्हणे माहीत नाही! आपण गिऱ्हाइकाला असं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी शटर ओढावं लागेल. पण त्याला खरं विचारायचं होतं ते वेगळंच. त्याने दार लागलंय ना ते पाहिलं. खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टर, चार वर्षांपूर्वी एक... आम्ही ठेवला नव्हता. गोळ्या घेऊन. रीतसर, दवाखान्यातून. त्याने झालं का हे?"

"नाही."

"नक्की ना?"

"त्याने हा आजार होत नाही. त्यांना दुखायला कधी लागलं, मी विचारलंय. तेराव्या वर्षी. शाळेत बाकावर आडव्या पडायच्या. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मी? मी दुसऱ्या शाळेत होतो," मिस्त्री घाईघाईने म्हणाला. पोलिसांनी हटकल्यासारखा. डॉक्टरीणबाईंना हसू आलं.

"मग नंतरचे दोन गेले ते?" मिस्त्रीने विचारलं. "एक नवव्या आठवड्यात, एक अकराव्या."

"या आजारात गर्भ न टिकण्याची शक्यता थोडी जास्त असते, असं दिसतं. पण तुमचे दोन यानेच गेले, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. हा आजार नसलेल्या बायकांचेही जातात. आणि आजार असून मुलं झालेल्याही कितीतरी आहेत."

"म्हणजे याने गेले, की नाही गेले?"

"तेच तर सांगतेय. सांगता येत नाही."

"आणि पुढे राहिला तर टिकेल?"

"टिकू शकतो. हमी नाही देता येत."

मिस्त्री बाहेर येऊन बाकावर बसला. डोक्यात नुसता गुंता. पण त्या गुंत्यातून एक धागा सरळ बाहेर आला होता, आणि तो त्याने घट्ट धरला. त्याने झालेलं नाही! चार वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. त्याला उठून नाचावंसं वाटलं. समोर प्लास्टर घातलेले एक आजोबा बसले होते म्हणून त्याने आवरलं.

काय झालं होतं, ते सांगितलं पाहिजे. चार वर्षांपूर्वी दुकान नुकतंच घेतलं होतं. एका खोलीत संसार, एका खोलीत सतरा मशीनं. वहिनीला दिवस गेले. सात आठवडे. ती सकाळी त्याला सांगायला आली तेव्हा तो मोटर खोलून बसला होता, हात कोपरापर्यंत तेलाचे. तो म्हणाला, "आत्ता? अगं, आत्ता कसं जमेल? श्वास घ्यायला फुरसत नाहीये." ती म्हणाली, "हो, तेही आहेच." बास. एवढंच बोलणं. एका वाक्यात बोलणी संपली, आठवड्यात सगळं पार पडलं, आणि मिस्त्री मनात म्हणाला, बायको काय समजूतदार मिळाली आहे!

मग दोन वर्षांनी दोघांनी मिळून ठरवलं, आता हवं. राहिलं आणि गेलं. पुन्हा राहिलं, पुन्हा गेलं. पाळीचं दुखणं आधीपासून होतंच, ते आता असह्य झालं. काउंटरमागे पोटाला गरम पाण्याची पिशवी बांधून वहिनी चिठ्ठ्या लिहायची आणि घामाने कागद ओला व्हायचा. सल्ले तर काय, फुकटच असतात. तिची आई आधी म्हणायची लग्न झालं की थांबेल, मग म्हणाली मूल झालं की थांबेल. त्याची आई म्हणायची, जड मशीनं उचलते म्हणून. शेजारचा औषधवाला म्हणायचा, टेन्शन. मिस्त्री कुणालाच काही म्हणायचा नाही. चोराच्या मनात चांदणं. त्याने स्वतःपुरता निकाल कधीच लावून टाकला होता: कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, आणि ते मी केलंय.

खिशात फोन वाजला. आई.

"झालं का रे? कोणाचा दोष निघाला?"

"कुणाचाच नाही, आई. आजार आहे. आपोआप होतो."

"आपोआप? चल! काहीतरी असेलच. नीट विचारलंस का?"

हे वाक्य त्याने कुठेतरी ऐकलं होतं, आणि ऐकायला ते काही बरं वाटत नव्हतं. "नंतर बोलतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

इतक्यात सिस्टरने हाक मारली. पेशंट शुद्धीवर आलीय. पाणी द्यायचं नाही, ओठांना ओला कापूस लावा फक्त.

वहिनी खिडकीजवळच्या खाटेवर होती. चेहरा कागदासारखा. त्याला बघून म्हणाली, "दुकान बंद ठेवलंस?"

"राहू दे गं दुकान. ऐक. चांगली बातमी आहे." तो कापूस तिच्या ओठांऐवजी हनुवटीलाच लावत होता. "आपण ते जे केलं होतं ना, त्याने नाही झालं हे. मी स्वतः विचारलं. दोनदा विचारलं. तुझ्या तेराव्या वर्षापासून आहे म्हणे. आपला काही संबंधच नाही!"

त्याला वाटलं होतं, ती हसेल. निदान रडेल, सुटल्यासारखी. ती छताकडे बघत राहिली.

"ऐकलंस ना? आपलं काही चुकलं नाही."

"ऐकलं. ओरडू नकोस, पोट दुखतंय."

"मग तुला बरं नाही का वाटलं?"

"तुला वाटलं वाटतं," ती म्हणाली. आणि मग, आवाज न चढवता, कारण चढवायला अंगात त्राणच नव्हतं, "मिस्त्री, चार वर्षं मी रोज धरून चाललेय की ही मला शिक्षा आहे. रोज. आणि तू तिकडून ओरडतोस, आपोआप काही बिघडत नाही, कुणीतरी केलेलं असतं, आठवा. आणि मी लिहिते. माझ्याच हाताने."

मिस्त्रीने कापूस बाजूला ठेवला.

"अगं, ते मी मशीनबद्दल म्हणायचो!"

"माहितीये रे मला. मी काय खुळी आहे? पण तिथे बसलेली मीच असायचे ना. लेकी बोले, सुने लागे."

"आणि मी रोज समजत होतो की ते मी केलंय! तुला तोंड दाखवायची लाज वाटायची मला. रात्री तू कूस बदललीस तरी वाटायचं, आता बोलेल, आता बोलेल."

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे मान वळवली. "तूही?"

"मग काय तर!"

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू का नाही बोललीस?"

एका दुकानात, चार हातांच्या अंतरावर बसून दोघांनी एकाच गोष्टीचं खापर आपापल्या डोक्यावर फोडून घेतलं होतं, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या कपाळावरची खोक दिसली नव्हती. मिस्त्रीला वाटलं, चला, झालं ते झालं. आता तरी मिटलं. त्याने तिचा हात हातात घेतला. सलाईनची सुई होती म्हणून बोटंच धरली.

ती परत छताकडे बघू लागली. मग म्हणाली, "पण मग ते तर चांगलं होतं."

"काय चांगलं होतं?"

"ते पहिलं. नंतरचे दोन आजाराने गेले, असं डॉक्टर म्हणतायत ना?"

"तसं नाही म्हणाल्या. म्हणजे, असू शकतं म्हणाल्या. सांगता येत नाही."

"पण तेव्हाही आजार होताच की. तरी ते सात आठवडे राहिलं होतं. काही दुखत नव्हतं मला. ते टिकलं असतं का रे?"

आता आली का पंचाईत! मिस्त्रीच्या हातातला तो एकमेव सरळ धागाही तिने खेचून घेतला. त्याला म्हणायचं होतं, नसतं टिकलं. म्हणजे धोंडा परत बसला नसता. पण तेही खोटं झालं असतं. टिकलं असतं म्हणावं, तर तेही कुणाला माहीत? हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्याने झालं नाही, म्हणून आपण सुटलो. आणि त्याने झालं नाही, म्हणूनच आपण अडकलो. बिघडलेलं मशीन खोलून बघता येतं. जे कधी दुकानात आलंच नाही, ते काय खोलणार?

"मला नाही माहीत," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे शब्द कुणाला मोठ्याने सांगितले असतील.

सिस्टर येऊन ताप बघून गेली. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी फोनवर कुणालातरी भाताला किती पाणी घालायचं ते समजावून सांगितलं. मिस्त्री आपला त्या बोटांकडे बघत बसला होता. या बोटांनी त्याच्या दुकानातली हजारो मशीनं नोंदली होती. काय झालं, कधी झालं, आधी काय केलं होतं. हरेक परक्या माणसाला तो खोदून खोदून विचारत असे. आणि त्या सकाळी हात तेलाचे होते म्हणून त्याने वरही बघितलं नव्हतं. त्याला इतका वेळ वाटत होतं, आपण गोळ्यांना घाबरतोय. गोळ्यांचं काहीच नव्हतं.

"मी तुला विचारलंच नाही," तो म्हणाला.

"काय?"

"तेव्हा. तुला हवं होतं की नको. मी म्हणालो कसं जमेल, तू म्हणालीस तेही आहेच, आणि मी परत मोटरमध्ये डोकं घातलं. विचारलंच नाही मी."

"नाही विचारलंस."

"आता विचारू?"

तिने डोळे मिटले. मिस्त्रीला वाटलं, औषधाची गुंगी आली. पण तिची बोटं जागी होती.

"विचार."

जवळच्या ओल्या कापसाची त्यालाच गरज होती.

"तुला हवं होतं का गं?"

हो म्हणाली तर मेलो, असं त्याला वाटलं. आणि नाही म्हणाली तर ती माझी समजूत काढतेय, असं वाटेल.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही रे. तेव्हाच विचारलं असतंस, तर मला कळलं असतं. कदाचित नकोच म्हणाले असते. पण ते मी म्हणाले असते."

आणि मग ती रडली. टाके दुखतात म्हणून पोट दोन्ही हातांनी दाबून धरत, आवाज न करता रडली. मिस्त्री खाटेच्या कडेला बसून राहिला. त्याने कापूस पुन्हा ओला केला, आणि या वेळी तो तिच्या ओठांनाच लावला.