तीन वेळा लुकलुकणारा हार्लन

त्या बुधवारी आर्डिस टॉलेफसनच्या दारात बुटांचा एवढा ढीग पडला होता की आत शिरायला मला पायानं वाट करावी लागली. बैठकीच्या खोलीत तीसेक माणसं जाड कोट घालून, पायांत नुसते मोजे, अशी जमिनीतल्या एका लोखंडी जाळीभोवती दाटीवाटीनं बसली होती. जाळीला लाल रिबीन बांधलेली. खालून गार वारा यायचा, रिबीन फडफडायची, आणि दर फडफडीला कुणीतरी हळूच म्हणायचं, "आला."

आला म्हणजे हार्लन आला. आर्डिसचा नवरा. गेल्या फेब्रुवारीत तो गोठलेल्या तळ्यावर, मासे धरायच्या खोपटात, गळ हातात धरून खुर्चीतच गेला. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. पण नोव्हेंबरपासून तो तळघरातल्या भट्टीतून परत यायला लागलाय, अशी अख्ख्या टॅमरॅक फॉल्स गावाची खात्री झाली होती.

मी गॉर्डी, आर्डिसचा शेजारी. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. "मी नाही केलं, आपोआप झालं" हे वाक्य मागच्या सीटवरून इतक्या वेळा ऐकलंय की आपोआप होणाऱ्या गोष्टींवरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

मिनेसोटात घर म्हटलं की तळघरात गॅसची भट्टी आलीच. ती हवा तापवते, पंखा ती हवा पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांतल्या जाळ्यांमधून वर ढकलतो. बाहेर उणे वीस असताना भट्टी अडून बसली तर सकाळी प्यायला ठेवलेलं पाणी दुपारी कापून खावं लागतं. आर्डिसची भट्टी गार हवा फेकायला लागली तेव्हा शहाण्या माणसानं दुरुस्तीवाल्याला फोन केला असता. माझ्या बायकोनं, लव्हॉननं, रोवेनाबाईंना केला.

रोवेनाबाई मृतात्म्यांशी बोलायच्या. जांभळी शाल, दहा बोटांत अकरा अंगठ्या, आणि बरोबर ड्वेन नावाचा दांडगा, मुका वाटावा असा नवरा. त्याच्या हातात मिठाची बादली आणि एक लांब काठी. पहिल्याच दिवशी बाईंनी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा बारका खटका सरकवून पंखा कायमचा चालू करून टाकला.

"हे कशाला?" मी विचारलं होतं.

"म्हणजे त्याला अडखळत बोलावं लागणार नाही," बाई म्हणाल्या. "पडदा पातळ झालाय. कंपनं मला गुडघ्यात जाणवतात."

"गुडघ्यात मलाही जाणवतात. हवामानखात्याच्या आधी."

लव्हॉननं मला कोपरानं ढोसलं.

बाईंचा विधी ठरलेला होता. आधी तीन-तीन माणसांना तळघरात नेऊन दर्शन. भट्टीच्या पत्र्याला एक काचेचं छोटं भोक आहे, त्यात लाल दिवा लागायचा. एक, दोन, तीन वेळा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा तीन वेळा. मग सगळे वर आले की घरातली वीज मुख्य खटक्यावरून बंद, कारण विजेनं आत्मे बुजतात म्हणे. ड्वेन मीठ घेऊन घराला फेरी मारायला बाहेर. आत बाई डोळे मिटून गुणगुणायच्या. ड्वेन परत आला की वीज चालू. दोन-तीन मिनिटांत जाळीतून ऊबदार हवा यायची, लाल दिवा शांत व्हायचा, लोक डोळे पुसायचे आणि लिंबाच्या वड्यांवर तुटून पडायचे.

चारसहा दिवस बरे जायचे. मग बर्फ पडायचा आणि दुसऱ्या दिवशी हार्लन पुन्हा हजर.

"बर्फातच गेला ना तो," बाई सांगायच्या. "बर्फाबरोबरच येणार. आणि आर्डिसबाई, सकाळी तुम्ही उठायच्या आत तुमचं अंगण कोण साफ करून जातं?"

"कोण जाणे," आर्डिस म्हणायची. "कधी दिसत नाही कुणी."

"दिसणार कसा?"

अंगण मी साफ करत होतो. आमच्याकडे ही रीतच आहे. जो आधी उठेल त्यानं दोन्ही अंगणांतला बर्फ उडवायचा आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हार्लननं आणि मी पंचवीस वर्षं असंच केलं. "मी केलं" म्हणणारा माणूस इथे बढाईखोर ठरतो, आणि आभार मानणारा समोरच्याला अवघडून टाकतो. तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत माझं काम एका मेलेल्या माणसाच्या नावावर चढलं आणि मी कॉफीच्या कपात बघत बसलो. लव्हॉनला माहीत होतं. तीही कपातच बघत होती.

इथवर सगळी गंमत होती. मग एका बैठकीत बाईंनी त्या लाल दिव्याचा अर्थ सांगितला.

"तीन वेळा," त्या म्हणाल्या. "जाताना त्यानं तीन वेळा हाक मारली. तुम्ही कुठे होता?"

आर्डिस कुठे होती हे गावाला ठाऊक होतं. त्या दुपारी ती आमच्याच घरी पत्ते खेळत होती. दोनदा घरी जायला उठली आणि दोन्ही वेळा आम्हीच तिला बसवून घेतलं.

त्या दिवसापासून ती वाळतच गेली. एकोणऐंशी वर्षांची बाई, कोट घालून झोपायची, खोकायची. मी एकदा हॉटडिश, म्हणजे आमच्याकडची ओव्हनमध्ये भाजलेली बटाटा-मांसाची खीमट, घेऊन गेलो तर पलंगावर सूटकेस उघडी.

"वृद्धाश्रमात जागा मिळालीय," ती म्हणाली. "शुक्रवारी जाणार. रोवेना म्हणते मी इथून हलले की त्याला शांती मिळेल."

"आर्डिस, अगं, भट्टी बिघडलीय तुझी. माणूस बोलावू एखादा."

"नको. यंत्राला हात लावला तर तो आत अडकेल म्हणालीय ती." मग तिनं विचारलं, "तुला काय वाटतं गॉर्डी, त्यानं हाक मारली असेल?"

मी म्हणालो, "हॉटडिश गरम आहे तोवर खा." माझी मला लाज वाटली आणि घरी येऊन मी येर मुआला फोन केला.

येर भट्ट्या दुरुस्त करते. लहानपणी माझ्याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसायची आणि गिअर असा का, ब्रेक तसा का, म्हणून डोकं खायची. सगळं ऐकून ती म्हणाली, "गॉर्डीकाका, भट्टीला मी बघते. पण आधी मला तो विधी बघायचाय."

म्हणून त्या बुधवारी, आर्डिस जायच्या दोन दिवस आधी, बुटांच्या ढिगातून वाट काढत मी येरला आत घेऊन गेलो. रात्री दहा इंच बर्फ पडला होता. पहाटे मी अंगण साफ केलं होतंच.

वीज बंद झाली. बाई गुणगुणायला लागल्या. ड्वेन बादली-काठी घेऊन बाहेर पडला. येर खिडकीपाशी उभी राहून बघत होती. अर्ध्या मिनिटात ती दाराशी जाऊन बूट चढवायला लागली.

"कुठे?" मी विचारलं.

"हा फेरी मारतच नाहीये. सरळ गॅरेजच्या बाजूला गेलाय."

मी तिच्यामागून गेलो. गॅरेजच्या भिंतीला छातीएवढा बर्फाचा ढीग होता आणि ड्वेन त्यात काठी खुपसून उकरत होता. मिठाची बादली बाजूला पडलेली.

"ड्वेन," येर म्हणाली, "तू होय."

मुका म्हणून गाजलेला ड्वेन म्हणाला, "अरे देवा. येर."

"दोन हिवाळे आम्ही एकाच गाडीतून भट्ट्या बसवत फिरलोय, काका. कामाला चांगला होता हा, फक्त त्याच्या बिलांत भुतं असायची, कधी न बसवलेल्या भागांची. चल ड्वेन, आत बसू. काठी राहू दे."

आम्ही त्याला मधे घेऊन आत आलो. बाईंना दार वाजल्याचंच पुरलं. त्यांनी हात उंचावले, वीज चालू झाली, तीस जणांनी श्वास रोखले. पंखा घुमला. रिबीन फडफडली.

हवा गार.

बाईंनी गुणगुणणं वाढवलं. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा. कुणीतरी टोपी घातली.

"आज तो रुसलाय," बाई ड्वेनकडे डोळे वटारून म्हणाल्या. "इथे कुणीतरी अविश्वासू आहे."

"मी आहे," येर म्हणाली. "पण बाई, माझे मामा खरेखुरे भगत आहेत. लाओसच्या डोंगरांतून इथे आलेल्या आमच्या ह्माँग लोकांत आजारी माणसाचा आत्मा परत आणायला त्यांनाच बोलावतात, वयस्कर माणसं फार मानतात त्यांना. आणि त्यांची भट्टी बंद पडली की ते मला फोन करतात." मग ती आर्डिसकडे वळली. "आजी, तळघरात येता? चष्मा घ्या बरोबर."

आर्डिस रोवेनाकडे बघत राहिली. लव्हॉन पुढे झाली आणि तिनं तिचा हात धरला. "चल गं. मीच आणली ही ब्याद, मीच येते बरोबर."

सगळे जिन्यावर दाटले. येरनं भट्टीचा पुढचा पत्रा दोन्ही हातांनी वर उचलून काढला. बाई किंचाळल्या, "अडकेल तो!" पण आत अडकलेलं कुणीच नव्हतं. वायरी होत्या, लाल दिवा होता. एक, दोन, तीन.

येरनं पत्रा उलटा करून आर्डिससमोर धरला. आतल्या बाजूला छापील कागद डकवलेला होता. "वाचा आजी, मोठ्यानं."

आर्डिसनं चष्मा लावला. "दिवा एकदा लुकलुकल्यास... दोनदा लुकलुकल्यास..." तिचा आवाज बारीक झाला. "तीनदा लुकलुकल्यास, बाहेरची हवेची नळी तुंबली आहे. नळी मोकळी करून भट्टी बंद करून पुन्हा चालू करावी."

जिन्यावरून चारसहा माना कागदाकडे वाकल्या.

"भट्टीला श्वास घ्यायला आणि धूर सोडायला दोन पांढऱ्या नळ्या असतात," येर म्हणाली. "तुमच्या गॅरेजच्या भिंतीतून बाहेर निघतात, गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्या बर्फात गाडल्या की जाळ पेटवणं धोक्याचं, विषारी धूर घरात भरेल. म्हणून भट्टी स्वतःच जाळ बंद करते. पंखा मात्र बाईंनी कायमचा चालू ठेवलाय, म्हणून गार वारा. ड्वेन बाहेर जाऊन नळ्या उकरतो. वीज बंद-चालू केली की भट्टी पुन्हा प्रयत्न करते. विधीतलं निम्मं काम खरंच दुरुस्तीचं आहे, उरलेलं निम्मं शालीचं. आज नळ्या उकरल्या नाहीत, म्हणून मंत्र चालला नाही. या घरात सगळ्यात शहाणी ही भट्टीच निघाली."

"पण तिथे दरवेळी एवढा बर्फ येतो कुठून?" लव्हॉननं विचारलं, आणि विचारता विचारताच तिची मान माझ्याकडे वळली.

दोन वर्षांपूर्वी मी बर्फ उडवायचं नवं, दांडगं यंत्र घेतलं होतं. त्याचं तोंड मी डावीकडे वळवून ठेवतो. डावीकडे आर्डिसचं गॅरेज.

"आर्डिस," मी म्हणालो. "अंगण मी साफ करतो. बर्फ तिकडे मीच उडवतो."

"म्हणजे भूत तू होतास?"

"हो."

"आणि मी दोन महिने हार्लनचे आभार मानतेय."

"मला सांगायला हवं होतं. बढाई वाटेल म्हणून गप्प बसलो." भट्टीनं अक्कल दाखवली नसती तर माझ्या चांगुलपणानं ही बाई झोपेतच गेली असती, एवढं मात्र मला तोंडानं म्हणवलं नाही.

आर्डिसचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती त्या कागदावर आणखी वाकली होती. तिसऱ्या ओळीच्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. हार्लनचं अक्षर, उजवीकडे झुकणारं. तिनं बोट फिरवत वाचलं.

"बर्फ. गॉर्डीचं नवं यंत्र इकडे फेकतं. त्याच्याशी बोलायला हवं."

बोलला नाही तो. मला वाईट वाटेल म्हणून शेवटचा हिवाळाभर रोज सकाळी गुपचूप बाहेर येऊन नळ्या उकरत राहिला असणार. आम्ही दोघे सारखेच मूर्ख.

"म्हणजे त्यानं मला हाक मारली नाही," आर्डिस म्हणाली.

"नाही, आजी," येर म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं. ते झोपेत गेले. हा दिवा फक्त नळीबद्दल बोलतो."

आर्डिस जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि मोठ्यानं रडली. लव्हॉन तिच्या शेजारी बसली. आम्हा बाकीच्यांना रडणं बघायची सवय नाही, म्हणून आम्ही छताकडे बघितलं.

मी बाहेर जाऊन फावड्यानं नळ्या मोकळ्या केल्या. येरनं भट्टीचा खटका बंद करून चालू केला. "मंत्र कुणाला म्हणायचाय?" तिनं विचारलं. मागून कुणीतरी लिंबाच्या वड्यांची कृती सांगायला सुरुवात केली. दोन वाट्या मैद्यापाशी जाळ पेटला आणि साखर भुरभुरायच्या आत जाळीतून ऊबदार हवा आली.

"बघा," रोवेनाबाई म्हणाल्या, "माझा मंत्र उशिरा लागू पडला."

"हे जरा वेगळंच आहे हं," गर्दीतून एकजण म्हणाला. आमच्या गावात यापेक्षा मोठी शिवी नाही. बाईंनी शाल आवरली. जाताना कुणीतरी त्यांच्या हातात उरलेल्या वड्यांचा डबा दिलाच, कारण आमची खोड जात नाही.

मला एवढंच सांगायचंय. घरात गार वारा सुटला तर आधी पत्रा उघडा, कागद वाचा, बाहेर जाऊन नळी बघा. कळत नसेल तर कळणाऱ्याला बोलवा. जो "उघडू नका" म्हणतो त्याच्यासमोर तर उघडाच. आणि आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट भिडेखातर गिळून बसू नका. रोवेनाबाईंनी खोटं सांगितलं हे खरं, पण त्या खोट्याला जागा मी करून दिली होती. तीस माणसांत मी एकदा तोंड उघडलं असतं तर एक म्हातारी दोन महिने नवऱ्याच्या हाका ऐकत कुडकुडली नसती.

शुक्रवारी मी नळ्यांपाशी लाल झेंडा रोवला आणि यंत्राचं तोंड उजवीकडे वळवलं. आर्डिसनं खिडकीतून पाहिलं आणि मला आत बोलावलं. सूटकेस कपाटावर गेली होती. तिनं मला तळघरात नेलं, पत्रा काढायला लावला, आणि केसांत खोचलेली पेन्सिल काढून हार्लनच्या ओळीखाली सावकाश लिहिलं, "बोलले त्याच्याशी."