कवळीची आरती

रेडीच्या गंगारामाला कीर्तनाचं वेड, आणि त्याच्या कवळी गायीला त्याच्याहून अंमळ जास्तच. बुवा देवळात उभे राहिले की ही बाहेर पाराजवळ कान टवकारून उभी. मध्येच हलायचं नाव नाही. आरती संपली, की मात्र तडक सभामंडपात मान घालून प्रसादाचं गूळखोबरं मागायची.

छप्पन्न साली एका संतपटाची मंडळी गावात उतरली. दिग्दर्शकांनी हा प्रकार पाहिला आणि म्हणाले, "हीच गाय हवी! संत गाताहेत आणि ही धावत येते आहे."

गंगाराम गावभर सांगत सुटला. बायको यशोदा म्हणाली, "दूध देता ता पुरे नाय? उद्या लोक हसले तर तोंड खंय लपवशात?"

आणि तसंच व्हायची वेळ आली. माडबनात कर्ण्यावर गाणं लागलं, नट हात पसरून ओठ हलवू लागला, कवळी मात्र जागची हलेना. डोळे अर्धे मिटून ऐकत राहिली. एकदा, दोनदा, सात वेळा. सगळं गाव माडांआडून बघत होतं. ऊन कलू लागलं.

"उद्या कोल्हापूरहून शिकवलेली गाय आणू," दिग्दर्शक वैतागून म्हणाले.

गंगाराम पुढे धावला. कवळीला झालंय तरी काय? त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "साहेब, तिचा काय चुकला? कीर्तन अर्ध्यावर सोडून उठायचं नाही, असं मीच तिला वळण लावलंय. आरती तरी करा!"

"इथे? आरती?"

"आवाज तुम्ही मागाहून भरताच ना?"

दिग्दर्शक हसले. कर्णा बंद झाला, कॅमेरा गायीवर रोखला, नटाच्या मुठीत गुळाचा खडा दिला. गंगारामाने आरतीला सूर लावला, दिवेवाले टाळ्या वाजवू लागले. घंटा नव्हती, तर गावातल्याच ट्रकवाल्या अब्बासने लोखंडी पान्याने चाकाची तबकडी बडवली. "गंगारामा, वर चढव रे सूर!" तो ओरडला. आरती संपली मात्र, कवळी शेपूट उंचावून अशी सुटली की नट दोन पावलं मागे सरला.

पुढे कवळीने आणखी चार संतपटांत कामं केली. दर ठिकाणी सामानाच्या यादीत तिच्या नावापुढे लिहिलेलं असे: गूळ, खोबरं, घंटा, आरती म्हणणारी माणसं.

पण पहिलं चित्र कुडाळच्या तंबूत लागलं, त्या दिवसाची सर कशालाच नाही. अब्बासच्या ट्रकमधून अर्धी रेडी गेली होती. पडद्यावर गाण्याच्या तालावर कवळी धावू लागली, गंगारामाच्या कानात मात्र माडबनातली आरती घुमली आणि तो हात जोडून उभा राहिला.

"खाली बसा हो," यशोदा मागच्या रांगांकडे बघत कुजबुजली, "फाटल्यांका दिसणा नाय."

"आरती चलली हा गो. बसतलंय कसो?"

यशोदेने पडद्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर सारखा केला आणि तीही उठली. मागून कुणी ओरडलं नाही. मागचेही उभेच होते.