निरोपाला पाऊण तास

मित्रांनो, मी एक जुना, रस्त्यांचा कागदी नकाशा आहे. माझ्या अंगावर कॉफीचे डाग आहेत, घड्यांवर चिरा पडल्या आहेत आणि बरोबर मध्यावर, जिथे घड्या एकमेकींना छेदतात, तिथे नाण्याएवढे भोक आहे. पण माझी कीव करू नका. मी हरलेला नकाशा नाही, आणि ते मी आज छाती फुगवून सांगणार आहे.

माझा जन्म मिलवॉकीच्या एका छापखान्यात झाला. तिथून मी मॅडिसनच्या एका पेट्रोल पंपावर आलो. गाडीची टाकी भरणाऱ्याला मी फुकट मिळत असे. व्हर्न हाउगे नावाच्या उंच, मितभाषी माणसाने मला उचलले आणि शेजारी बसलेल्या आपल्या नव्या नवरीच्या, आर्लीनच्या, मांडीवर पसरले. दर ऑक्टोबरात ते दोघे मॅडिसनहून सेंट पॉलला व्हर्नच्या बहिणीकडे जात. मोठ्या हायवेने चार तासांचा प्रवास. पण व्हर्न म्हणायचा, "त्या रस्त्यानं जाऊन दिसतं काय? पुढच्या ट्रकचं बूड!"

म्हणून त्याने माझ्या अंगावर लाल पेन्सिलीने आपली वाट आखली. मॅडिसनहून टेकड्यांतून व्हिरोक्वाच्या सफरचंदाच्या बागांकडे, आणि पुढे मिसिसिपीच्या काठाकाठाने थेट सेंट पॉल. समासात तो बारीक अक्षरात वेळा लिही. 'इथे कॉफी.' 'इथे गरुड दिसतात, दहा मिनिटे.' आणि व्हिरोक्वाजवळ, जिथे त्याच्या चुलत भावाचे, ऑर्विलचे शेत होते, तिथे लिहिले होते: 'निरोपाला पाऊण तास.'

हसू नका. आमच्याकडे पाहुणा मांडीवर थाप मारून "चला तर मग" म्हणतो, तेव्हा निरोपाला नुसती सुरुवात होते. मग दारात गप्पा, मग अंगणात गप्पा, मग गाडीच्या खिडकीला लोंबकळून गप्पा. हे सारे वगळून आखलेला प्रवास आमच्या मुलखात तडीस जात नाही.

पुढे व्हर्न वारला. खिशाखिशात फोन आले आणि फोनच रस्ता सांगू लागले. माझी रवानगी स्वयंपाकघराच्या खणात झाली, रबरबँड आणि संपलेल्या बॅटऱ्यांच्या सोबतीला. अकरा वर्षे मला कोणी उलगडले नाही. मला फार वाईट वाटे.

मग गेल्या ऑक्टोबरात एक फोन आला. आर्लीन आता एकोणऐंशीची झाली होती आणि सेंट पॉलला लेकीकडे, जोअ‍ॅनकडे, कायमची राहायला निघाली होती.

"आई, तू ये, पण गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे देऊन टाक," जोअ‍ॅन म्हणाली. "वसंतात तू रस्ता चुकून भलत्याच गावाला पोचलीस."

"चुकले नव्हते. मला ते गाव बघायचं होतं."

"आई!"

"डोळ्यांची तपासणी गेल्याच महिन्यात पास झालेय मी. ऐक, मी माझ्या वाटेनं येते, नदीकाठानं. संध्याकाळी सहाला जेवणाच्या टेबलावर असले तर किल्ल्या माझ्या. नसले तर तुझ्या."

"ठरलं. मी भिंतीला हूकसुद्धा ठोकून ठेवलाय," लेक म्हणाली आणि लक्ष ठेवायला नवऱ्याला, ग्लेनला, बसने धाडून दिले.

ग्लेन मनाने चांगला, पण फोनवर त्याची आंधळी श्रद्धा. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने टेबलावर आखणी सुरू केली. "ऑर्विलकाकांकडे दहा मिनिटं. नुसतं 'हॅलो' म्हणायचं, म्हणजे नऊला निघालो तरी चालेल."

आर्लीनने खण उघडला आणि मला टेबलावर पसरले. तिचा हात अंगावरून फिरला तेव्हा मला रडू कोसळायचेच बाकी राहिले. तिने समासावर बोट ठेवले. "आपण आठला निघायचं, जावईबापू."

सकाळी आठला गाडी हलली आणि दहाला ऑर्विलच्या अंगणात शिरली. सफरचंदाचा केक झाला, कॉफी झाली. ग्लेनने मांडीवर थाप मारली, "चला तर मग!"

"निघताय? बरं, निघा," ऑर्विल म्हणाला आणि गाईच्या बाळंतपणाची हकिगत सुरू केली. ती दारात संपली. अंगणात त्याने मक्याच्या पिकाचा विषय काढला. खिडकीशी भोपळे भेट द्यायचे आठवले. ग्लेनने घड्याळ पाहिले आणि तो गारच पडला. पन्नास मिनिटे! आर्लीन म्हणाली, "पाच मिनिटं जास्त. म्हातारा झाला बिचारा."

खरे संकट पुढे होते. नदीकाठच्या रस्त्यावर पाटी लागली होती: पूल बंद. ग्लेनच्या फोनला टेकड्यांत रेंज नव्हती. आर्लीनने मला गाडीच्या बॉनेटवर उलगडले. व्हर्नची एक तुटक लाल रेघ डावीकडची नदी सोडून उजवीकडे टेकडीवर चढत होती, आणि मित्रांनो, नेमकी माझ्या भोकात जाऊन पडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"संपलं, आई," ग्लेन म्हणाला. "नेमका तिथेच नकाशा नाही. मागं फिरून हायवे धरला तर सात वाजतील."

आर्लीनने भोकातून बोट घालून वळवळवले. "नकाशा नसला तरी रस्ता आहे ना! आधी पांढरं चर्च. मग लाल कोठार. ते पडलं असेल तर शेजारचा धान्य साठवायचा निळा मनोरा. तिथून डावीकडे."

चर्च आले. कोठार काही येईना. ग्लेन सीटवरून पुढे झुकला होता, आर्लीनची बोटे स्टिअरिंगवर घट्ट आवळली होती. आणि अचानक ग्लेन लहान पोरासारखा ओरडला, "निळा! आई, तो बघा निळा!"

डावीकडे वळताच रस्ता उतरू लागला. जिथे भोक संपून माझा कागद पुन्हा सुरू होतो, तिथे लाल रेघ होती आणि समोर, कलत्या उन्हात, ती रुंद नदी. वर गरुड फिरत होते. "दहा मिनिटं," आर्लीन म्हणाली आणि गाडी थांबवली. ग्लेनने घड्याळाचे नावसुद्धा काढले नाही.

सहाला दहा मिनिटे कमी असताना आम्ही सेंट पॉलला पोचलो. ओव्हनमधून हॉटडिशचा, म्हणजे आमच्याकडच्या खिमा-बटाट्याच्या भाजलेल्या जेवणाचा, वास येत होता. जोअ‍ॅन दारात उभी होती. ती घड्याळाकडे पाहत राहिली, मग आईच्या गळ्यात पडली.

"नदीकाठचा पूल बंद असल्याचं बातम्यांत ऐकलं! कसं काय जमलं?"

"तुझ्या बाबांनी आणलं," आर्लीन म्हणाली. किल्ल्या तिने आपल्या पर्समध्ये टाकल्या आणि त्या नव्या हुकावर आपली लोकरीची टोपी अडकवली.

जेवणानंतर ग्लेनने माझ्या भोकामागे पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला, आर्लीनला विचारून विचारून त्यावर चर्च आणि मनोरा काढला, आणि व्हिरोक्वापाशी व्हर्नच्या अक्षराखाली लिहिले: 'आता पन्नास मिनिटे.'

मित्रांनो, तुमच्याही घरातल्या एखाद्या खणात माझा कोणी भाऊ पडला असेल. त्याला एकदा उलगडा आणि ज्या हातांनी त्यावर रेघ मारली, त्या माणसाला शेजारी बसवून ती वाचा. आणि परत ठेवताना एवढे करा, जुन्या घडीवरच घडी घाला.