अनावेदिका

नंदिनीने घटस्फोट घ्यायचं ठरवलं ते एका बंद खोलीत. रविवारी सकाळी रत्नपालने तिच्या हातातला फोन काढून घेतला, तिला मागच्या खोलीत लोटलं आणि बाहेरून कडी घातली. कारण एवढंच की आदल्या दिवशी तिची स्कूटर तीन किलोमीटर जास्त चालली होती. रोज संध्याकाळी तो गाडीचा आकडा बघायचा. सुदामा नगरचं घर ते सांवेर रोडवरची तिची कंपनी, जाऊन-येऊन किती होतात हे त्याला तोंडपाठ होतं. दुपारी चारला त्याने कडी काढली आणि म्हणाला, "चहा टाक." हॉलमध्ये त्यांची अकरा वर्षांची मुलगी, मैत्री, चित्र रंगवत बसली होती. आई समोरून गेली तरी तिने मान वर केली नाही. अशा वेळी बघायचं नसतं, हे पोरगी शिकली होती. नंदिनीला खोलीतल्या सहा तासांपेक्षा ती न उचललेली मान जास्त लागली.

रत्नपालने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. आवाजही चढवत नसे. विहारात कार्यक्रम असला की खुर्च्या मांडण्यापासून शेवटची पत्रावळ उचलेपर्यंत हा पुढे, त्यामुळे लोकांना तो लाखात एक वाटे. घरात वाद झाला की त्याचं एकच म्हणणं, "जायचं असेल तर जा ना. दरवाजा खुला आहे. मी कधी अडवलं?"

तिने आधी महूला थोरल्या भावाला फोन केला. वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि गेले, तेव्हापासून माहेर म्हणजे नागसेनदादाच.

"दादा, मी मैत्रीला घेऊन तुझ्याकडे येते. कायमची."

नागसेन म्हणाला, "थांब ना दोन महिने. पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. आणि हे बघ, वकील-बिकील मत कर अभी. तुला सांगतो, घाई नको."

दादा घाबरलाय, असं तिला वाटलं. ती थांबली नाही. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत स्कूटर कंपनीतच ठेवून ती रिक्षाने कोर्टाजवळच्या गल्लीत मनोरमाजींच्या ऑफिसात गेली. साठीच्या, बारीक चणीच्या वकीलबाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लागणाऱ्या कागदांची यादी लिहून दिली. लग्नाचा दाखला, लग्नातले फोटो, आधार, मुलीचा जन्मदाखला. मग कॉम्प्युटर पुढे ओढत म्हणाल्या, "एक मिनिट. त्यांनी आधीच काही लावून ठेवलंय का, ते बघून घेऊ. कधी कधी बायको विचार करत बसते, नवरा दावा टाकून मोकळा होतो."

कोर्टाच्या वेबसाइटवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. त्यांनी रत्नपालचं पूर्ण नाव टाकलं आणि एकेक वर्ष मागे जाऊ लागल्या. तिसऱ्या वर्षाला त्यांचा हात थांबला.

"रत्नपाल विरुद्ध नंदिनी. हे तुम्हीच ना?"

"हो, पण मी तर अजून..."

"हा तुमचा दावा नाही. त्यांचा आहे. निकाल लागलाय, दोन वर्षं होऊन गेली." मनोरमाजींनी चष्मा काढला. "बेटा, तुमचा घटस्फोट झालेला आहे."

नंदिनीला हसू आलं. "मॅडम, आज सकाळी मी त्यांचा डबा भरून दिलाय."

"इथे एवढंच दिसतं की निकाल लागला. आत काय लिहिलंय त्यासाठी नकल, म्हणजे कागदांची सही-शिक्क्याची प्रत, काढावी लागेल. तुम्ही पक्षकार आहात, तुम्हाला ती द्यावीच लागते."

दोघी नकल शाखेत गेल्या. अर्ज हिंदीत होता. प्रकरणाचा क्रमांक, दोघांची नावं, कोणकोणते कागद हवेत. मनोरमाजींनी सगळेच लिहायला सांगितले, दावा, समन्स पोचल्याचा अहवाल, साक्षी, निकाल. एका रकान्यात विचारलं होतं, अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध काय. "अनावेदिका लिहा," मनोरमाजी म्हणाल्या. "जिच्याविरुद्ध दावा लागलाय ती." नंदिनीने तो शब्द जपून, सुटा सुटा लिहिला. कोर्ट-फीचं तिकीट लावून अर्ज आत गेला. नकल पाच दिवसांनी मिळणार होती.

ते पाच दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. पोळ्या त्याच, ओटा तोच, शेजारी झोपणारा माणूसही तोच. पण तो आपला कोण आणि आपण इथे कोण म्हणून भांडी घासतोय, हे तिला सांगता आलं नसतं. त्याला सगळं ठाऊक असताना तो दोन वर्षं तिच्या हातचं जेवत होता, तिच्याकडून शर्टाची बटणं लावून घेत होता. कुठल्याही क्षणी तो काहीतरी बोलेल असं तिला वाटत राही, आणि तो पोहे खात पेपर वाचत असे.

चौथ्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, "बुधवारी लंचमध्ये फोन का नाही उचललास?"

"कॅन्टीनमध्ये आवाज होता खूप."

"कॅन्टीन तर या हफ्त्यात बंद आहे ना? रंगकाम चालू आहे म्हणे."

नंदिनीने त्याच्या ताटात पोळी वाढली. रत्नपालने भाजी वाढून घेतली. "असो. जिथं जायचं तिथं जा. मी कधी अडवलं?"

नकल मिळाली तेव्हा ती कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावरच वाचायला बसली. दाव्यात म्हटलं होतं की पत्नी तीन वर्षांपासून घर सोडून गौतमपुऱ्यात वेगळी राहते. गौतमपुऱ्याला ती जन्मात एकदाच गेली होती, दिवाळीनंतर पेटते हिंगोट एकमेकांवर फेकतात तो खेळ बघायला, तेही रत्नपालच्याच बरोबर. समन्स त्या पत्त्यावर गेलं होतं आणि कुणीतरी ते घेतलं होतं. खाली नंदिनी म्हणून सही, इंग्रजीत. तिने आयुष्यभर देवनागरीत सही केली होती. पुढच्या पानावर, 'अनावेदिका सूचना के बाद भी अनुपस्थित.' मग साक्षीदार. पहिला रत्नपाल स्वतः. दुसऱ्याचं नाव वाचताना तिला वाटलं, आपण ओळ चुकलो. तिने बोट ठेवून पुन्हा वाचलं. नागसेन, अनावेदिकेचा सख्खा भाऊ. 'माझी बहीण नांदायला तयार नाही. मी तिला पुष्कळ समजावलं.'

मनोरमाजींनी शेवटचं पान वाचलं आणि ते तिच्यापासून जरा लांब धरलं, पोळेल अशा भीतीने धरावं तसं.

"मैत्रीचा ताबा वडिलांना दिलाय. आता नीट ऐका. तुम्ही त्या रविवारी पोरीला घेऊन बाहेर पडला असतात ना, तर हा कागद घेऊन तो थेट पोलीस ठाण्यात गेला असता. घर सोडून गेलेली बाई येऊन माझी मुलगी उचलून घेऊन गेली म्हणून. त्याने कागद नुसता लपवला नव्हता. तुम्ही उंबरा ओलांडायची वाट बघत होता तो."

तेरा वर्षं ज्या उघड्या दरवाजाची तो आठवण करून देत होता, तो कशासाठी उघडा होता ते तिला आता कळलं.

"मी काय करू?"

"कळल्यापासून तीस दिवसांत निकाल रद्द करायचा अर्ज देता येतो. तो आपण देऊ. तोवर घर सोडायचं नाही. तुम्ही तिथेच राहता हाच आपला सगळ्यात मोठा पुरावा."

संध्याकाळी कंपनीच्या गेटमागे उभं राहून तिने नागसेनला फोन केला. त्याने काहीच नाकारलं नाही.

"रत्नपाल भिया म्हणाले फक्त कागद आहे. तुला धाक राहावा म्हणून. माझी नोकरी त्यांनीच लावलीय, नंदा, मी नाही कसं म्हणणार? आणि तू तर घरीच होतीस ना? तुझं घर टिकावं म्हणूनच केलं मी."

तिने फोन ठेवला. रडू आलं नाही. फक्त महूच्या बसचा रस्ता मनातून पुसला गेला.

अर्ज दाखल झाला. नोटीस शनिवारी दुपारी घरी आली. रत्नपालने ती जेवणाच्या टेबलावर शांतपणे वाचली, होती तशी घडी घातली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कोर्टाच्या वेबसाइटवर आहे. कुणीही बघू शकतं."

"मग या घरात तू कोण म्हणून राहतेस? मी पोलिसांना बोलावलं तर काय सांगशील?"

"हेच, की मी इथेच राहते, पहिल्यापासून. तुम्हीच सांगा त्यांना. बोलवा."

त्याने उचललेला फोन खाली ठेवला. पण मग हाक मारली, "मैत्री, चल बेटा, चप्पल घाल." आणि पोरीला गाडीत बसवून निघून गेला. त्याचा फोन बंद. नंदिनी फाटकाशी उभी राहिली. शेजारच्या शशिकला काकू बाहेर आल्या, काही न विचारता तिच्याजवळ उभ्या राहिल्या. तीन तासांनी गाडी आली. मैत्रीच्या हातात आईस्क्रीमचा रिकामा कप होता, काठाला चावलेला. नंदिनीच्या शेजारून आत जाताना रत्नपाल हळूच म्हणाला, "आज परत आणली."

सोमवारी मनोरमाजींनी तातडीने सुनावणी मागून निकालाला आणि ताब्याच्या आदेशालाही स्थगिती मिळवली. "आता पोरीला घेऊन बाहेर पडलात तरी त्याचा तो कागद चालणार नाही," त्या म्हणाल्या. मंगळवारी रत्नपाल ऑफिसात असताना नंदिनीने दोन पिशव्या भरल्या, मैत्रीला शाळेतून घेतलं आणि नंदानगरात एका विधवा मास्तरणीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेली. पत्ता तिने कुणालाही सांगितला नाही. दादाला तर नाहीच.

निकाल रद्द व्हायला सात महिने लागले. मैत्रीच्या शाळेच्या डायऱ्या कामी आल्या. दर आठवड्याला पालकाच्या जागी तिची सही, सलग दोन वर्षं, देवनागरीत. शशिकला काकू आधी म्हणाल्या होत्या, "आम्ही कशाला कोर्टात?" पण आल्या, आणि उभ्या राहून म्हणाल्या, "ही कुठे गेली नव्हती. हिच्या घरचं विरजण मी न्यायचे." नागसेन एकदाच आला. कोर्टाच्या आवाराच्या फाटकापाशी उभा राहिला आणि तिने बघितल्यावर निघून गेला.

"अभिनंदन तरी कसं करू?" मनोरमाजी म्हणाल्या. "तुम्ही परत त्यांची बायको झालात."

पुढच्याच आठवड्यात नंदिनीने आपला स्वतःचा दावा तयार केला. या वेळी ती आवेदिका होती. पहिल्याच पानावर नाव, वय, व्यवसाय आणि खाली पत्ता. तिचं पेन तिथे थांबलं.

"याची प्रत त्यांना जाणार?"

"जाणारच. पत्ता गुप्त ठेवायचा वेगळा अर्ज देऊन बघू. पण तो मंजूर होईलच असं नाही."

तो मंजूर झाला नाही. नंदिनीने नंदानगरचा पत्ता लिहिला, घर क्रमांकासकट.

त्यानंतर अकराव्या दिवशी मैत्री शाळेतून आली, दप्तर खुर्चीवर टाकलं आणि पाणी प्यायली.

"मम्मी, बाबा भेटले होते. खाली कोपऱ्यावर."

"काय म्हणाले?"

"काही नाही. घर छान आहे म्हणाले. वरच्या मजल्यावर उजेड चांगला येतो म्हणे."

नंदिनी खिडकीशी गेली. गल्लीत ओळखीचं कुणी नव्हतं. तिने दाराला आतून कडी घातली, मनोरमाजींना फोन लावला आणि पुढची तारीख विचारली. अजून बावीस दिवस होते.