नोटिशीतलं नाव

"कागद केलाय?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही."

"चेक? खात्यातून पाठवलेत?"

"पैसे रोख दिले," चष्मेवाला म्हणाला. "सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याकडून कागद कोण लिहून घेतो?"

"शहाणा घेतो."

गरज होती तेव्हा मेहुणा दादा-दादा करत पायाशी घोळत होता. त्या पैशावर त्याचं फर्निचरचं दुकान दुमजली झालं आणि मान ताठ झाली. इकडे चष्मेवाल्याच्या दुकानातलं काचा घासायचं यंत्र बंद पडून होतं, दुरुस्तीला दमडी नव्हती.

"देताना कोणी पाहिलं?"

"बारकीनं. माझ्या बहिणीनं. तिनंच मोजून घेतले."

"मग ऐका. आधी नोटीस पाठवू. तडजोडीला आला तर लेखी घेऊ. नाहीच आला तर दिवाणी दावा, तोही मुदत टळायच्या आत. दाव्यात बहिणीची साक्ष लागेल. पण नोटिशीत तिचं नाव नको. ती त्याच्याच घरात राहते."

"घालाच नाव! कळू दे, घरातच साक्षीदार बसलाय. टरकेल साला."

"साले तुम्ही आहात त्याचे," वकीलबाई म्हणाल्या. "बहिणीला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? माझीच आहे ती."

असले भाऊ गल्लोगल्ली आहेत. बहिणीला पुढे करून शूर व्हायचं आणि वर त्याला माया म्हणायचं.

नोटीस नावासकट गेली आणि बारकीचा फोन बंद झाला. रोज दुपारी "जेवलास का रे?" विचारणारी पोर, तिचं अवाक्षर नाही. चार दिवस त्याने कळ काढली. मग भरदुपारी शटर ओढून तडक तिचं घर गाठलं.

दार मेहुण्याने उघडलं, तेही हसत. "या, दादा! नोटीस पोचली बरं का. झकास लिहिलीय. अगं, दादा आलेत, पाणी आण."

बारकी आली. केस नीट विंचरलेले, अंगावर कुठे ओरखडा नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. मग पाणी पुढे करताना तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. नवऱ्याकडे पाहिलं.

"सांग दादांना. तू पैसे मोजले होतेस?"

"मला काही आठवत नाही, दादा." धडा म्हणून दाखवावा तसं ती म्हणाली.

"खुशाल न्या हिला कोर्टात," मेहुणा म्हणाला. "सोडायला मी येईन. घ्यायलाही मीच येईन."

चष्मेवाल्याने पेला खाली ठेवला. "बारके, खड्ड्यात गेले पैसे. नोटीस मागे घेतो मी. चप्पल घाल, चल."

"मागे घेऊन आता काय होणार, दादा?" ती हळूच म्हणाली. "नाव वाचलंय त्यांनी."

"तू निघाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"हलवतंय कोण तुम्हाला?" मेहुणा उठला. त्याने दाराला आतून कडी घातली, खुर्ची ओढली आणि दाराला टेकून बसला.

"बसा की, दादा. तू पण बस गं."