'निबंधवजा'मधली फट

अहो थांबा, आधी मला नीट वाचा! मी 'निबंधवजा' हा शब्द बोलतोय. निबंधासारखं लिखाण, पण शाळेतला रटाळ निबंध नव्हे. लिहिणारा स्वतःशीच गप्पा मारत, विचार करत जातो ना, तसं. एवढाच माझा साधा अर्थ. त्यावरून असा अनर्थ होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एका शिंपीणबाईंनी आपल्या आठवणींची वही छापायला दिली होती. 'ताईची कात्री' या प्रकरणाशी संपादक थबकले. "वा! काय लिहिलंय बाईंनी!" म्हणत त्यांनी पेन्सिलीनं समासात 'निबंध' लिहिलं, तेवढ्यात सणसणीत शिंक आली, मग 'वजा' लिहिलं. मधे पेराएवढी फट राहिली. झाला माझा जन्म!

वही अक्षरजुळणीच्या काकूंकडे गेली. काकू कामाला वाघ. त्यांनी 'निबंध वजा' वाचलं आणि अख्खं प्रकरण वजा केलं! मी कागदावरून ओरडतोय, "अहो, हा गणितातला वजा नव्हे!" पण ऐकतंय कोण?

छापलेल्या पुस्तकाबरोबर वहीही बाईंच्या घरी परतली, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. अंथरुणाला खिळलेली बाईंची थोरली बहीण, ताई, या पुस्तकासाठीच जीव धरून होती. स्वतः शाळा सोडून तिनं धाकटीला शिकवलं होतं, शिवणही आणि लिहिणंही. तिनं पानं उलटली. पुन्हा उलटली.

"यात मी कुठंय गं?"

बाईंनी पुस्तक चाळलं, 'ताईची कात्री' गायब! त्यांनी संपादकांना फोन लावला. मागून काकूंचा आवाज आला, "तुम्हीच लिहिलंत ना साहेब, निबंध वजा!" "कपाळ माझं!" संपादक म्हणाले.

मग बाईंनी वही उघडून ते प्रकरण ताईला वाचून दाखवलं.

"आणि हे समासात काय खरडलंय?" ताईनं विचारलं.

"कौतुक आहे गं. मधे फट राहिली, म्हणून तू गेलीस."

"पेन्सिल दे." पडल्या पडल्याच तिनं 'ध'पासून 'व'पर्यंत वरची रेघ ओढली. "एवढासा टाका! तोही कुणाला घालता आला नाही?"

दुसऱ्या आवृत्तीत ताईचं प्रकरण आहे. ताई नाही.

मी अजून त्याच समासात आहे, तिच्या वाकड्या रेघेखाली. हात जोडून सांगतो, मला लिहाल तेव्हा मधे पेन्सिल उचलू नका. त्या फटीतून एक अख्खी बहीण गळून पडली हो!